बढती

मोटार शर्यतींच्या सगळ्यात वरच्या गटात धाकट्याची निवड झाली, तेव्हा अख्खं घर हवेत होतं. फक्त कचेरीत जन्मभर खर्डेघाशी केलेल्या बापाने नाक मुरडलं. "गाड्या पिटाळणं ही काय नोकरी झाली?"

पहिल्याच शर्यतीत पोराने धमाल उडवली. शेवटच्या फेरीत तो सगळ्यांच्या पुढे होता आणि त्याच्या मागोमाग त्याच्याच संघातला सीनियर ड्रायव्हर. घरातले सगळे टीव्हीला चिकटले होते. अन् ऐन मोक्याला पोराची गाडी अशी मंदावली, की सीनियर आरामात पुढे निघून गेला.

संध्याकाळी पोराचा फोन आला, तो अगदी पडलेल्या आवाजात.

"बाबा, गाडी ठणठणीत होती. कानातल्या रेडिओवर संघाच्या साहेबांचा हुकूम आला, की त्यांना पुढे जाऊ दे, ते सीनियर आहेत."

"मग?"

"मग काय, दिला रस्ता. नंतर साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, असाच वागत राहिलास तर नाव काढशील."

बापाचा ऊर भरून आला. फोनवर हात ठेवून त्याने स्वयंपाकघराकडे हाक मारली, "अगं, ऐकलंस का? आपला धाकटा खरंच नोकरीला लागला!"