आईचा हात

आईच्या मनगटापाशी हाडाची गाठ होती. तशाच गाठी ताईच्या गुडघ्यांवर वाढत होत्या. डॉक्टर म्हणाले होते, त्या आईकडूनच आल्या आहेत. रोज अंघोळीनंतर आई दोघींचे पाय तपासायची. ताईच्या एकेका गाठीवरून तिची बोटं हळुवार फिरत राहायची. धाकटीचं मात्र ती चुटकीसरशी उरकायची. "तुझं काही नाही गं, पळ!"

धाकटीचा जळफळाट व्हायचा. "आईचं सगळं ताईलाच!"

आज मात्र आईची बोटं धाकटीच्या गुडघ्याखाली थबकली. बाजूला सरकली, पुन्हा तिथेच आली. 'पळ' म्हणायचं आई विसरूनच गेली. धाकटीने ऐटीत ताईकडे पाहिलं. ताईचे डोळे भरून आले होते.

'आता कशी जळतेय!' धाकटी मनात म्हणाली आणि तिने पाय आणखी पुढे केला.