तिसरं बोट

दोन बोटं गेली. तिसरं जाईना. सुमित्राबाईंनी हात बाहेर काढला, जरा हसल्या, पुन्हा बोटं जुळवली आणि जोर लावून तोंड उघडलं. कानाखाली कळ आली. तिसरं बोट दातांवरच अडलं.

समोर कॅमेरा सुरू होता. कॅमेऱ्यामागे नववीतली कांचन उभी होती.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमधली ही शाळा. सुमित्राबाई तिथे बावीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. आरोग्याचा धडा यंदा पाठ करायचा नाही, त्याची फिल्म करायची, हे त्यांनीच ठरवलं होतं. कांचनच्या गटाचा विषय होता गुटखा. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं एकावर एक धरून सहज जातात. गुटखा खाणाऱ्याचं तोंड आखडत जातं आणि बोटं अडतात. ही तपासणी पहिल्या दृश्यात मॅडमनीच करून दाखवावी, असा कांचनचा हट्ट होता.

सुमित्राबाईंनी गुटख्याला कधी हात लावला नव्हता. त्या खायच्या ती साधी सुपारी. लग्न होऊन नागपूरहून आल्या तेव्हापासूनची सवय. जेवणानंतर, चहानंतर, शाळेत दोन तासिकांच्या मधे एखादी चिमूट. वर्षभर तिखट झोंबत होतं, ते त्यांनी पित्तावर ढकललं होतं.

"मॅडम, हे काढून टाकू?" कांचनने हळूच विचारलं.

सुमित्राबाईंनी ओली बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाल्या, "नको. असंच राहू दे."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या साकेत नगरजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात गेल्या. डॉक्टरांनी गालांच्या आतून बोट फिरवून पाहिलं, बारीकसा तुकडा तपासायला पाठवला. चार दिवसांनी त्या अहवाल घ्यायला पुन्हा गेल्या. कॅन्सर निघाला नाही. पण गाल आतून घट्ट होत चालले होते. त्याला तंबाखूच लागते असं नाही, नुसती सुपारीही पुरते, असं डॉक्टर म्हणाले. आजच सोडली तर दुखणं इथेच थांबण्याची आशा होती.

त्यांनी घरी येऊन सुपारीचा डबा कचऱ्यात उपडा केला. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. डोकं ठणकायचं, वर्गात पोरांवर उगाच चिडायच्या. तरी सकाळ-संध्याकाळ आरशापुढे उभं राहून जबड्याचा व्यायाम चुकवला नाही.

प्राचार्य दुबे यांनी फिल्म पाहिली आणि ते दृश्य कापायला सांगितलं. मॅडमच गुटखा खातात असं पालक बोलतील, शाळेचं नाव जाईल, ही त्यांची काळजी. सुमित्राबाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, की हे दृश्य नसेल तर फिल्मही दाखवायची नाही. उलट त्यांनी त्यात स्वतःच्या तोंडचं एक वाक्य वाढवलं: "मी गुटखा खात नव्हते. मी फक्त सुपारी खात होते."

फिल्म टाउनशिपच्या क्लबात दाखवली. ते वाक्य आलं. मग अर्धवट अंधारात एकेक हात तोंडाकडे जाऊ लागला. पुरुषांचे गेले, त्याहून जास्त बायकांचे. कार्यक्रम संपल्यावर सातजणींनी सुमित्राबाईंना गाठून डॉक्टरांचं नाव विचारलं.

सगळे पांगल्यावर सुमित्राबाई कांचनला म्हणाल्या, की तिच्या गटाने नेमका हाच विषय घेतला हे त्यांचं नशीब, नाहीतर दुखणं कळलंच नसतं.

कांचन कॅमेऱ्याची वायर गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

"आमचा विषय आधी योगासनं होता, मॅडम. मधल्या सुट्टीत तुम्ही पोळीचे इवलेइवले तुकडे करून खाताना दिसलात, तेव्हा मी तो बदलला. माझ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. ती गेली. तिला आम्ही नुसतं सांगत राहिलो."