पानाचा डबा

चिंच आणि राखेनं घासताना पितळेवरचा काळा थर सुटला आणि झाकणावर कोरलेली अक्षरं वर आली. सौ. इंदुमती शेटे. वैजयंताचा हात थांबला. सकाळीच जुन्या बाजारातून आणलेला पानाचा डबा तिनं धुतला, पदरानं पुसला आणि नाव पुन्हा वाचलं.

हाच डबा चोरल्याचा आळ घेऊन शेटेकाकूंनी तिच्या आईला कामावरून काढलं होतं. त्यानंतर गावात एकाही घरानं आईला उंबरा ओलांडू दिला नाही. तो डाग घेऊनच ती गेली.

वैजयंता तशीच बाजारात परतली. म्हातारा दुकानदार म्हणाला, "हा होय? शेट्यांच्या थोरल्यानं विकलेला. आधी नाव कोरलेलं म्हणून कुणी घेईना, मग वर्षानुवर्षं काळा पडून तसाच राहिला."

घरी येऊन तिनं डबा आरशासारखा लख्ख केला. शुक्रवारी शेट्यांकडे हळदीकुंकू होतं. ती न बोलावता गेली आणि भरल्या बैठकीत तो काकूंच्या मांडीवर ठेवला.

"काकू, हा माझ्या आईनं नेला नव्हता. तुमच्या थोरल्यानं विकला."

काकूंनी मान खाली घातली. "मला तेव्हाच कळलं होतं गं," त्या पुटपुटल्या. "पोटच्या पोराला चोर कसं म्हणायचं?"

काकू खाली बघतील आणि आपलं मन निवेल, असं वैजयंताला वाटलं होतं. ते निवलं नाही. ती त्यांच्यासमोर मांडी ठोकून बसली.

"मोठ्यानं बोला, काकू. मागच्यांना ऐकू गेलं नाही. आणि आईचं नाव घेऊन सांगा, हौसाबाई चोर नव्हती."