एक थेंब

ब्युरेटच्या, त्या उभ्या काचनळीच्या, तोटीवर नूतनने अंगठा दाबला. काहीच झालं नाही. तिने पुन्हा दाबला, जरा जोरात.

"दाबून नाय पडत थेंब," मागून हरेश सर म्हणाले. "फिरवायची असते तोटी."

रोह्याच्या या कंपनीत लॅबमध्ये एकच जागा भरायची होती आणि हरेश सर तिथले मुख्य केमिस्ट. नूतनचं सर्टिफिकेट त्यांच्या हातात होतं. मोफत ऑनलाइन कोर्स, रासायनिक विश्लेषण, ब्याण्णव टक्के. तिचं बारावीचं वर्ष लॉकडाउनमध्ये घरीच गेलं होतं. पुढचं सगळं शिक्षण धरमतरच्या खाडीकाठी, मिठागराच्या बांधावर, जिथे रेंज येईल तिथे बसून. हा प्रयोग तिने फोनवर साठेक वेळा केला होता. चित्रातल्या तोटीवर अंगठा टेकवला की एक थेंब. पुन्हा टेकवला की दुसरा.

"किती जण होते वर्गात?"

"बेचाळीस हजार, सर."

"आणि शंका आली तर?"

"लिहून ठेवायची. आठवड्याभरात कुणीतरी उत्तर देतं."

नूतनने तोटी फिरवली. थेंब नाही, धारच लागली. खालच्या फ्लास्कमधलं पाण्यासारखं स्वच्छ आम्ल पापणी लवायच्या आत गडद गुलाबी झालं. तिने घाईने तोटी उलटी फिरवली, ती जास्तच फिरली आणि पुन्हा उघडली. फ्लास्क जवळजवळ जांभळा दिसू लागला. शेवटी सरांनीच हात पुढे करून तोटी बंद केली.

"रंग कसा यायला हवा होता?"

"अगदी फिका, सर. खाली पांढरा कागद धरला तरच दिसेल इतका."

"मग हा असा का आला?"

"अल्कली जास्त पडली. शेवटाजवळ एकेका थेंबाने पीएच एकदम चढतो, म्हणून तिथे..." तिने सगळं सांगितलं, कुठेही न अडखळता.

"बरोबर," सर म्हणाले. "एक शब्द चुकला नाय तुमचा."

नूतन आपल्या हाताकडे बघत राहिली. तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. बाहेर गेटवर तिची आई, धोंडुबाई, मिठागरावरच्या कामाचा खाडा करून बसली होती. टाचांच्या भेगांतलं मीठ आज आंघोळीनेही निघालं नव्हतं. "तुझ्या पायांना हे नको गो लागायला," एवढंच ती सकाळी म्हणाली होती.

सरांनी सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं आणि दाराकडे बघून पुढच्या मुलीचं नाव पुकारलं. मग नूतनला कोपऱ्यातलं दुसरं ब्युरेट दाखवलं.

"हिची परीक्षा होईपर्यंत तुम्ही त्याच्यात साधं पाणी भरून सराव करा. एक थेंब पाडता आला की हाक मारा मला. एकच."

पहिल्यांदा धार आली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या खेपेला तोटीच्या टोकाशी एक थेंब भरत आला, फुगला आणि लटकून राहिला. नूतन श्वास रोखून बघत होती. फोनच्या सवयीने तिच्या दुसऱ्या हाताचा रिकामा अंगठा हवेतच दाबला गेला.