तुटका दात

धुळ्याच्या दवाखान्यात रूपा रुग्णांच्या दातांचे प्लास्टरचे साचे ओतायची. आज खुर्चीत तिचे दाजीच होते. त्यांच्या अर्ध्या तुटलेल्या पुढच्या दातावर कॅप बसवायची, म्हणून डॉक्टरांनी दात तासायला मशीन उचललं. कोपऱ्यात रूपाची थोरली बहीण अक्का पदराखाली दंड लपवून उभी होती. "कुत्रं चावनं माले," ती पुटपुटली. रूपाने पदर ओढला. दंडावर दातांची काळीनिळी कमान उमटली होती. मधे एका दाताची खूणच नव्हती. तिने दाजींचा परवा ओतलेला साचा जखमेवर टेकवला. दातन्‌दात बसला, रिकाम्या जागी तुटका आला. दाजी ताडकन उठले. त्यांनी साचा हिसकावून फरशीवर आपटून फोडला आणि अक्काचं डोकं भिंतीवर आदळलं. "आते काय दाखवशी?" रूपाने रक्ताळलेल्या अक्काला पोटाशी धरलं. "डॉक्टर, मशीन खाली ठेवा," ती म्हणाली. "कॅप नको. पोलीस येईपर्यंत यांचा दात तुटकाच राहू द्या."