माघातली अष्टमी

"नाताळात नको, तिथं मुंगी शिरायला जागा नसते. शिमग्यात पालख्या असतात, खोली मिळत नाही. माघातली अष्टमी धरा," पोळी लाटता लाटता सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही."

कोकणच्या सहलीसाठी कॅलेंडर चाळणारा सारिकाचा हात थांबला. "टीव्हीवर ऐकलं असेल आईनं," नवरा म्हणाला. पण सारिकाच्या मनात पाल चुकचुकली. जन्म बार्शीत गेला, वर्षातून एकदा भजनी मंडळाबरोबर पारायणाला जाणं तेवढं ठाऊक; त्या बाईला भरतीचे चढउतार कुणी शिकवले? त्यातून नवऱ्याने गावाचं नाव सांगितलं आणि सासूबाईंची पोळी फाटली. आजवर कधी फाटली नव्हती.

माघात गाडी समुद्राकाठच्या घरापुढे थांबली. सासूबाई उतरल्या त्या पदर नाकापर्यंत ओढूनच. सारिका त्यांच्यावरची नजर काढेना. नवरा बॅगा घेऊन आत गेला, तशी घरमालकीण हसत अंगणात आली.

"काकू, यंदा तुमचं भजनी मंडळ नाय आलं? गेल्या खेपेला पाण्यातून बाहेर निघायला तयार नव्हत्या सगळ्या."

सारिका बघतच राहिली. सासूबाईंनी सावकाश पदर मागे सारला.

"मंडळात एक जागा रिकामी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "येतेस?"

"काय गं, काय म्हणतायत घरमालकीण?" आतून नवऱ्याने विचारलं.

सारिकाने समुद्राकडे पाहिलं.

"काही नाही," ती म्हणाली. "आईंना पारायणाचं विचारतायत."