पडद्याखालचं पाणी

"पडदा पाणी सोडतो, शिसं धरून ठेवतो. म्हातारा झाला की मात्र धरलेलंही सोडायला लागतो, बरं का."

सांडपाणी गाळायच्या प्लांटवरच्या मिस्त्रीचं हे बोलणं. मिस्त्री जाऊन किती काळ लोटला. तरी आज संध्याकाळी, आईच्या हातात पाण्याचा पेला देताना, ऑपरेटरला ते कानाशी ऐकू आलं. इतकं जवळून की त्यानं मागं वळून पाहिलं. कोणी नव्हतं. ओट्यावरच्या पिंपात तेवढं ठिबकत होतं.

बॅटरीच्या कारखान्याचं काळं पाणी गाळणीच्या ज्या पडद्यांतून तो काचेसारखं करून सोडायचा, त्यातलाच एक बाद झालेला त्यानं घरी आणला होता. बायकोला दिवस गेले त्याच आठवड्यात. घासून, धुऊन पिंपाच्या तोंडाला बांधला. कारखान्याची घाण अडवणारा पडदा नळाच्या गाळाला काय भीक घालणार? येणाऱ्या जिवाला मळाचा कण लागू नये, एवढंच त्याच्या मनात. घरात सांगितलं, कोरा आहे.

पाणी असं नितळ, की पिंपाचा तळ वर आल्यासारखा वाटे. पण त्या ओट्यावर हल्ली मुंगी फिरकत नव्हती. मांजर वाटीशी यायचं, वाकायचं, आणि पाण्यात कोणी बसलेलं दिसावं तसं पावलापावलानं मागं सरायचं.

"आई, कसं लागतंय?" त्यानं रोजच्यासारखं विचारलं.

"गोड," आई रोजच्यासारखं म्हणाली.

"सासूबाईंना चटक लागलीय तुमच्या पाण्याची," खाटेवरून बायको म्हणाली. "उद्या नातवानं दूध सोडून हेच मागितलं, तर तुम्हीच उठा हं रात्रीचे."

आई खळखळून हसली. तिच्या हिरडीवर, दातांच्या मुळाशी, निळी रेघ होती. सुईनं ओढावी तशी. शिशाच्या भट्टीवरच्या माणसांच्या तोंडात त्यानं ती पाहिली होती.

बायको उशाचा तांब्या कलता करून पेला भरत होती. तो धावला. तोंडाशी गेलेला पेला त्यानं उडवला. पाणी तिच्या पोटावरून ओघळलं.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?"

"तो पडदा कोरा नव्हता," तो खाली बसला. "बाद झालेला आणलाय मी."

आई दचकली नाही. तिनं रिकामा पेला पालथा घातला.

"ठाऊक आहे. लग्नाआधी त्याच कारखान्यात बॅटरीच्या शिशाच्या प्लेटा धुवायचे मी. शिशाची गोडी पहिल्याच घोटाला ओळखली."

"मग बोलली का नाहीस? आणि हिच्या पोटात..."

आईनं फडकं घेतलं. सुनेचं पोट हलकेच टिपत राहिली.

"हिच्या तांब्यात पहिल्या दिवसापासून मी नळाचंच भरते," ती म्हणाली. "तू एवढ्या हौसेनं माझ्या हातात द्यायचास ना बाळा, तेवढंच प्यायले."